सोवळा ट्रक

सोवळा ट्रक पहिल्यांदा अडवला तो एका म्हशीने. जयसिंगपूरहून कुरुंदवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती मधोमध उभी राहिली आणि बिनचालकाचा तो पांढरा ट्रक तिच्यापासून चार हातांवर थांबला. म्हैस हलेना म्हणून ट्रकही हलेना. मग म्हैस पुढे आली, बंपरला मान घासून तिने मनसोक्त खाज भागवून घेतली आणि तिथेच रवंथ करत बसली. मागे गाड्यांची रांग लागली. लोक उतरून बघायला लागले, आणि एक गोष्ट सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. ही गाडी कुणाला शिवत नाही.

त्या दिवसापासून त्याचं नाव सोवळा ट्रक पडलं.

‘अचूक वाहतूक’ कंपनीचे असे बरेच ट्रक त्या भागात फिरत होते. जयसिंगपूरच्या गोदामातून किराणा उचलायचा आणि गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचवायचा, हे त्यांचं काम. त्याआधी ते काम माणसं करत. त्यांतले एक बाबासो मगदूम. बाबासोंनी उभी हयात ट्रक चालवण्यात घालवली, पण त्यांना ट्रकवाला म्हणणं जरा जडच जायचं, इतका तो माणूस मऊ. सायकलवाल्याला वाट द्यायचे, कोंबडीला द्यायचे. हॉर्न वाजवायचे तोसुद्धा कुणी ओळखीचं दिसलं तर. ट्रक बिनचालकाचे झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून ते बायकोच्या पिठाच्या गिरणीत, नेमके तिच्या वाटेत येतील असे खुर्ची टाकून बसत.

मालनबाईंची गिरणी त्या रस्त्याजवळच्या गावात शिस्तीसाठी प्रसिद्ध होती. मालनबाई अंगाने लहानखुऱ्या. त्यांनी कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं, कारण तशी वेळच येत नसे. रांगेत कुणी मध्ये घुसला तर त्या त्याच्याकडे नुसतं बघायच्या. तो माणूस डबा उचलून मागे जायचा. एकदोघे तर तसेच घरी गेले होते.

आता त्या ट्रकविषयी थोडं सांगायला हवं. त्याच्या टपावर आणि चारी कोपऱ्यांवर लेसरचे डोळे होते. ते सतत प्रकाशाचे बारीक ठिपके सोडत. ठिपका कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून ती वस्तू किती लांब आहे, हे ट्रकला कळायचं. धुक्यातून बघायला रडार होतं, रंग आणि आकार ओळखायला कॅमेरे होते. पण खरी करामत पुढची होती. समोर दिसणारी प्रत्येक हलती गोष्ट पुढच्या काही क्षणांत कुठे कुठे जाऊ शकेल, याच्या शेकडो शक्यता ट्रक मनातल्या मनात मांडायचा. त्यातल्या एकाही शक्यतेत धडक दिसली तर वेग कमी, आणि शंका उरली तर थांबायचं. त्याचे ब्रेक इतर ट्रकांसारखेच होते. फक्त ज्या वेगात आपल्याला थांबता येणार नाही, त्या वेगात तो कधी जायचाच नाही.

हे सगळं उत्तम होतं. सुरुवातीला लोक त्याला बिचकून होते, एका म्हातारीने तर हळदकुंकूही वाहिलं. तेव्हा माल वेळेत पोचत होता. म्हशीनंतर मात्र सगळं बदललं. रस्त्यावर वाट कोण देतो? ज्याला दुसऱ्याची भीती असते तो. एकाची भीती पार गेली की दुसऱ्याने कायमचं थांबायचं, असं गणित होऊन बसलं. वराती ट्रकसमोर निवांत नाचू लागल्या. बायकांनी रस्त्यावर हरभरा वाळत घातला. फाट्यावरच्या भाजीवालीने ट्रक थांबतोच आहे तर सावली मिळेल म्हणून त्याच्या पुढ्यातच पाटी मांडली. लिफ्ट हवी असली की लोक सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहत आणि ट्रक थांबला की मागच्या फळीवर चढून बसत. सकाळी निघालेली साखर कुरुंदवाडला दुसऱ्या दिवशी पोचू लागली.

एके दिवशी कंपनीची इंजिनिअर, रेवती नाफडे नावाची तरुणी, गिरणीत आली. चष्म्यावर पीठ उडालं, ते पुसत ती बाबासोंसमोर बसली.

“काका, तुम्ही परत कामावर याल का?”

बाबासो खुर्चीतून उठलेच. “कवा येऊ?”

“चालवायचं नाहीये हं. चालवेल ट्रकच. तुम्ही फक्त सीटवर बसायचं. समोर एक स्टिअरिंग बसवू, ते कशालाच जोडलेलं नसेल. ते फिरवल्यासारखं करायचं आणि चेहरा जरा…” ती अडखळली. “धडकी भरेल असा ठेवायचा. या माणसाचा काही भरवसा नाही, असं लोकांना वाटलं पाहिजे.”

बाबासो परत खाली बसले. “म्हंजे बुजगावणं?”

“तसं नका म्हणू. आमच्या भाषेत त्याला ‘मानवी उपस्थिती’ म्हणतात.”

“आमच्यात बुजगावणंच म्हनत्यात,” मालनबाई जात्याच्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या. “पण जावा. निदान खुर्ची तरी रिकामी हुईल.”

बाबासो गेले. पहिल्या दिवशी त्यांनी भुवया आक्रसल्या, ओठ आवळले आणि खोटं स्टिअरिंग घट्ट धरलं. गोदामाच्या फाटकापर्यंत ते जमलं. पुढे पहिलाच माणूस ओळखीचा निघाला. बाबासोंनी सवयीने हात केला. तो माणूस धावत आला, “बाबासो, परत लागलासा व्हय!” म्हणून खिडकीला लटकला. ट्रक थांबला. चौकात ही बातमी आधीच पोचली होती. तिथे पाचसहा जण चहा घेऊन रस्त्यातच उभे होते. त्या दिवशी ट्रक नेहमीपेक्षाही उशिरा पोचला. लोक किती अंतरावरून आणि किती पटकन बाजूला होतात हे ट्रकचे कॅमेरे मोजत असत. रेवतीने त्याचा आलेख पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बाबासोंच्या उपस्थितीत लोक बाजूला होण्याऐवजी जवळ येत होते.

त्या आठवड्यात मालनबाईंना बहिणीकडे कुरुंदवाडला जायचं होतं. त्या नवऱ्याशेजारी केबिनमध्ये बसल्या. फाट्यावर वरात आडवी आली. बेंजो वाजत होता, नवऱ्यामुलाचे मित्र ट्रककडे पाठ करून नाचत होते.

“किती येळ चालतंय हे?” मालनबाईंनी विचारलं.

“चालतंय की तासभर. हौस असती पोरांची.”

मालनबाई थोड्या पुढे झुकल्या आणि त्यांनी काचेतून बघितलं. नाचणाऱ्यांपैकी एकाची नजर वळली. तो थबकला. त्याने शेजारच्याला कोपर मारलं. बेंजो आधी बेसूर झाला, मग बंद पडला. वरात रस्त्याच्या कडेला सरकून एका ओळीत उभी राहिली, आणि नवरामुलगा घोड्यावरून उतरला. पुढच्या गावात हरभरा गोळा झाला. भाजीवालीने पाटी उचलली. त्या दिवशी ट्रक कुरुंदवाडला इतका लवकर पोचला की दुकान उघडायचं होतं.

रेवती दुसऱ्याच दिवशी गिरणीत हजर. या वेळी ती बाबासोंशी बोलायला आली नव्हती.

मालनबाईंना खाकी शर्ट मिळाला. तो साडीवर घालून त्या रोज सकाळी गोदामात जाऊ लागल्या. गिरणी बाबासोंकडे आली. त्यांच्या राज्यात रांग अशी राहिलीच नाही. “तुमचं आधी घ्या, तुम्ही लांबून आलासा,” असं ते प्रत्येकालाच म्हणत, त्यामुळे सगळेच आधी आणि सगळेच नंतर. ज्वारीत गहू मिसळला, गव्हात डाळ. एका घरी त्या पिठाची भाकरी झाली तिला काय म्हणावं यावर दोन दिवस वाद चालला.

पण त्यांना खरं टोचत होतं ते निराळंच. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला गावातल्या गोष्टी त्यांच्या कानावर येत. मगदूमबाई काय ट्रक मारती राव! काल वळणावर तिने असा काही घेतला म्हणे!

“मालन,” एकदा ते न राहवून म्हणाले, “तुला क्लच कुठं असतोय ते तरी ठावं हाय का?”

“त्यात क्लच न्हाईच.”

“तेच म्हनतोय मी.”

“मग न्हाई त्याचं ठावं करून काय करू?” मालनबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला. “तुम्ही जन्मभर चालवलासा, कुनी बाजूला झालं न्हाई. मी नुस्ती बसते, तर रस्ता मोकळा. माझा काय दोष?”

बाबासो भात कालवत राहिले.

कंपनी खूश होती, आणि खूश कंपनीला थांबता येत नाही. पुण्याच्या वरिष्ठांना वाटलं, एका ट्रकला जर एवढा फायदा, तर सगळ्याच ट्रकांना का नको? मालनबाई तर एकच. मग त्यांचा चेहरा टिपण्यात आला. आरपार दिसणाऱ्या पडद्याची एक काच निघाली होती. ती ट्रकला पुढे बसवली की बाहेरून पाहणाऱ्याला केबिनमध्ये हुबेहूब माणूस बसलेला दिसायचा. तो मान वळवायचा, पापण्या हलवायचा. जिल्ह्यातल्या प्रत्येक सोवळ्या ट्रकात आता मालनबाई बसल्या. खुद्द त्यांना केबिनमध्ये बसायची गरज उरली नाही. अधूनमधून जयसिंगपूरला जाऊन नवे चेहरे देऊन यायचं, बाजाराच्या दिवसाचा एक, उन्हाळ्याचा एक.

महिनाभर धाक टिकला. मग फाट्यावर एक दिवस तिन्ही बाजूंनी तीन ट्रक आले. तिन्हींत मालनबाई. भाजीवालीने तिघींकडे आळीपाळीने बघितलं आणि ती जी हसत सुटली ती पाटीवर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट नदीपलीकडच्या गावांतही पोचली. ट्रकात बाई नाहीच, नुसतं चित्र आहे! लोक आता ट्रकसमोर थांबून त्या चित्राला वाकुल्या दाखवू लागले. मालनबाईंच्या चेहऱ्यासोबत फोटो काढायची चढाओढ लागली. गावात कुणी त्यांना ओलांडून जाताना डोळा मिचकावला, तेव्हा त्या घरी येऊन बराच वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. रस्त्यावर साधे ट्रकही होते. त्यांच्या काचेमागे खरी माणसं होती.

गावाबाहेरच्या वीटभट्टीचा ड्रायव्हर आजारी पडला आणि भट्टीवाल्याने बाबासोंना विचारलं. मालनबाई त्या दिवशी सकाळीच नवा चेहरा द्यायला जयसिंगपूरला गेल्या होत्या. बाबासोंनी गिरणीला कुलूप घातलं आणि कुणालाही न सांगता विटांनी भरलेल्या जुन्या पांढऱ्या ट्रकवर चढले. गिअर टाकताना हाताला जी थरथर जाणवली तिने त्यांना इतकं बरं वाटलं की ते गुणगुणू लागले.

दुपारी मालनबाई परत निघाल्या. एसटीने फाट्यावर उतरल्या, पण तिथून गावापर्यंत चालायचं जिवावर आलं. लांबून एक पांढरा ट्रक येताना दिसला. आता सगळेच करत तसं त्यांनी केलं. हात वर करून त्या सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

ट्रक जवळ आला. काचेत चेहरा दिसला. मालनबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं, तर तो त्यांच्या नवऱ्याचा होता. डोळे फाटलेले, तोंड उघडं. अगं बाई, आता यांचाबी फोटो लावला वाटतं, त्यांच्या मनात आलं. आणि काय हा अवतार! याला कोण भिणार?

त्या जागच्या हलल्या नाहीत.

माणसाला समोरची गोष्ट दिसते, ती काय आहे हे मेंदूला उमगतं आणि मग पाय ब्रेककडे जातो. पापणी लवावी तितकाच हा वेळ. पण तेवढ्यात भरलेला ट्रक एखाद्या घराच्या लांबीइतका पुढे निघून जातो, आणि त्यानंतर कुठे तो थांबायला सुरुवात करतो. बाबासोंनी ब्रेक दाबला, तो पार तळाला टेकवला. पाठीमागच्या विटांनी ट्रकला पुढे रेटलं. तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. ट्रक रस्ता सोडून उतरला, मालनबाईंच्या पदराला वारा लावून गेला आणि उसात घुसला. ऊस कडाकडा मोडला. फळी तुटली, विटांचा ढीग रस्त्यावर ओतला गेला. मग सगळं शांत झालं.

मालनबाई कडेच्या मातीत पडल्या होत्या. कोपर खरचटलं होतं. लाल धुरळ्यातून बाबासो येताना दिसले.

“ब्रेक न्हाई का मारता येत?” मालनबाई ओरडल्या.

“मारला की! मारला!” बाबासो त्याहून मोठ्याने ओरडले. “माणसाचा ब्रेक हाय हा! विटा भरल्यात मागं! मधी काय उभी ऱ्हातीस? अक्कल हाय का न्हाई तुला?”

उसातले बगळे उडाले. लग्न झाल्यापासून बाबासो पहिल्यांदाच बायकोवर ओरडले होते. कपाळाची शीर उडत होती, डोळे लाल झाले होते. कंपनीला हवा होता तो चेहरा हाच होता, पण तिथे कॅमेरा नव्हता.

मग बाबासो मालनबाईंच्या शेजारी मातीत बसले आणि खिशातला रुमाल काढून त्यांच्या कोपराला बांधू लागले. गाठ काही केल्या बसेना.

“मला भ्याच वाटलं न्हाई हो,” मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या. “एवढा ट्रक अंगावर आला, पण काही म्हंजे काही वाटलं न्हाई. चित्र बघत उभं ऱ्हावं तसं बघत ऱ्हायले.” आणि थोड्या वेळाने, “आता वाटायला लागलंय.”

त्या रडायला लागल्या. बाबासोंना काय करावं कळेना. त्यांनी दुसऱ्या, न खरचटलेल्या कोपरावरून हात फिरवला.

रेवती संध्याकाळी आली. मालनबाईंनी सगळं सांगितलं. ती आधी हिरिरीने म्हणाली, “काकू, पण आमच्या गाडीने आजवर एकाही माणसाला खरचटू दिलेलं नाही.”

“तुझ्या गाडीनं न्हाई,” मालनबाई म्हणाल्या. “तिच्यामुळं ह्यांच्या गाडीखाली येत हुते की मी.”

रेवतीने लॅपटॉप उघडला. सोवळे ट्रक आपल्यापुढचंच नव्हे तर आजूबाजूचं सगळंच बघत. साध्या गाड्यांसमोर माणसं किती वेळा जेमतेम वाचली, तेही त्यांच्या डोळ्यांनी टिपलेलं होतं. ते आजवर कुणी उघडून पाहिलं नव्हतं. रेवती बघत राहिली. दर आठवड्याला आकडा चढत होता. तिने लॅपटॉप मिटला.

“आम्ही फक्त आपल्याच गाडीचं मोजत होतो,” ती म्हणाली.

तिने तिथूनच पुण्याला, कामत नावाच्या आपल्या साहेबांना व्हिडिओ फोन लावला. काचेवरची चित्रं आजच्या आज उतरवायला हवीत, तिने सांगितलं. केबिन रिकामी असेल तर रिकामीच दिसली पाहिजे. साहेब म्हणाले, मग माल पोचणार नाही. रेवती म्हणाली, गावाबाहेरपर्यंत ट्रकने न्यावा, मोठ्या रस्त्यावर त्याला फारसं कुणी अडवत नाही. पुढे गावात टेम्पोने न्यावा, माणूस ठेवून. साहेब म्हणाले, माणसं कमी करायला तर ट्रक घेतले, ते जमायचं नाही.

“दे इकडं,” मालनबाई म्हणाल्या. त्यांनी फोन घेऊन चेहऱ्यासमोर धरला. पडद्यावर साहेब होते. मालनबाई काहीच बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं.

गेले दोन महिने साहेबांनी तो चेहरा रोज तपासला होता, सगळ्या बाजूंनी. पण चित्र आणि समोर बसलेलं माणूस यांत काय फरक असतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी टाय सैल केला. “बघू… म्हणजे करू,” ते म्हणाले. “उद्यापासून करू.”

टेम्पोवर बाबासोंना ठेवायचं ठरलं; वाद झाला तो टेम्पोवरच्या पाटीचा. माणसाची गाडी लांबूनच ओळखू आली पाहिजे, हे रेवतीचं म्हणणं. तिने आधी ‘मानवचालित वाहन’ असं लिहून आणलं. गावात विचारून पाहिलं तर एकाने त्याचा अर्थ ‘माणसं वाहून नेणारी गाडी’ असा लावून आपलं सामान चढवलं. ‘सावधान’ लिहिलं तर कुणी वाचलंच नाही, ते आधीच प्रत्येक गाडीवर होतं. शेवटी मालनबाईंनी सांगितलं ते रंगवलं. पिवळ्या पत्र्यावर काळी, हातभर अक्षरं.

ही गाडी माणूस चालवतो. चुकू शकतो.

बाबासोंचं तोंड उतरलं. “चुकू शकतो कशापायी?”

“मग काय लिवू, चुकत न्हाई?”

त्यांना उसातला तो ट्रक आठवला असावा. त्यांनी पाटी समोर बसवून घेतली, किल्ली घेतली.

पहिल्या दिवशी टेम्पो गावात शिरला तेव्हा चौकातले लोक ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर आणून रस्त्यात उभे होते. त्यांनी पाटी वाचली, एकदा बाबासोंकडे बघितलं, आणि चहाचे पेले हातात धरून ते कडेला झाले. बाबासोंनी हात केला. त्यांनीही केला, पण कडेला उभं राहूनच. बाबासोंना ते जरा लागलं. तरी टेम्पो पुढे जात होता.

गिरणीच्या वळणावर मालनबाई डोक्यावर डबा घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. टेम्पो बघून त्या मागे सरकल्या. बाबासोंनी ब्रेक लावला आणि तू जा म्हणून हात केला. मालनबाईंनी मान हलवली आणि डबा सावरत, तुम्ही जावा, असं खुणावलं. बाबासोंनी परत हात केला. त्यांनी परत खुणावलं. मागे दोन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर आणि दुधाची गाडी येऊन थांबली. कुणीतरी हॉर्न वाजवायला घेतला.

शेवटी दोघंही एकदमच निघाले, आणि एकदमच थांबले.